घरावरील कॅमेरा आणि शेजारधर्म



चोरीच्या भयाने आता खेड्यांतील घरांवरही कॅमेरे दिसू लागले आहेत. आपल्या दाराचे रक्षण करण्यास कोणाचीच हरकत नाही. परंतु त्या टप्प्यात शेजाऱ्याची न्हाणी किंवा विहीर येत असेल, तर ती पाळत होय. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. एकाच वास्तूत राहणाऱ्या भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालविणे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अमान्य केले.

म्हणून कारागीर शिडीवर असतानाच पडद्यावरील चित्र शेजाऱ्यास दाखवावे. कुंपणापलीकडचे दिसल्यास कॅमेऱ्याचे तोंड वळवावे. ध्वनिमुद्रण तर बंदच ठेवावे. ओसरीवरील गप्पांतून चोर सापडल्याचे ऐकिवात नाही.