दुर्बिणीआधी गणित

(वार्षिक संमेलनातील भाषण)



गेल्या हिवाळ्यात शाळेच्या गच्चीवर आपण गुरू ग्रह पाहण्याचा कार्यक्रम ठेवला होता. गुरूचा ‘आयो’ हा चंद्र रात्री ९ वाजता गुरूच्या सावलीत शिरून दिसेनासा होईल, असे मी छापील कोष्टक पाहून जाहीर केले होते. साडेनऊ झाले, दहा झाले; आयो आपला चमकतच राहिला. पालक हसत घरी गेले. चूक आकाशाची नव्हती, माझी होती.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या एका मुलीने ते कोष्टक मागून घेतले. पुढच्या ग्रहणासमोर १५ तास २८ मिनिटे असे छापले होते. “सर, भर दुपारी गुरू कसा दिसेल?” असे म्हणत तिने वरचा मथळा वाचला. वेळ ग्रिनिचची होती! आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आमचे ग्रहण पहाटे अडीचला होऊन गेले होते, आणि पुढचे रात्री ८ वाजून ५८ मिनिटांनी होणार होते. त्या वेळी गच्चीवर आम्ही सातच जण होतो. ठरल्या वेळी आयो फिका होत गेला आणि दिसेनासा झाला.

मित्रांनो, दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो. ती कोठे व केव्हा रोखायची, हे आधी गणिताने काढावे लागते. ग्रहाची व पृथ्वीची त्या वेळची जागा ठरली की विषुवांश आणि क्रांती हे दोन आकडे मिळतात. त्यांत आपल्या गावचे अक्षांश-रेखांश आणि वेळ घातली की ग्रह कोणत्या दिशेला, किती उंचीवर दिसेल ते निघते. जळगाव आणि धुळे यांच्या रेखांशांत सुमारे पाऊण अंशाचा फरक आहे; म्हणून धुळ्याला सूर्य सुमारे तीन मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. दोन्ही गावांच्या नमाजाच्या वेळांत फरक पडतो तो मुख्यतः यामुळेच.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापला, असे चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो. ग्रहांची स्थाने काढण्याच्या रीती देणारा ‘करणकुतूहल’ हा ११८३ चा ग्रंथ भास्कराचार्यांचाच. समरकंदला उलुग बेगने १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांची सारणी सिद्ध केली. अशा सारण्यांच्या ग्रंथाला ‘झीज’ म्हणत. आज संगणक हे काम क्षणात करतो. पण वेळ कोणती आणि गाव कोणते, हे त्याला आपणच अचूक सांगायचे असते.

शेवटी पालकांना एक विनंती. त्या मुलीला दहावीनंतर शिकवायचे की नाही, हे तिच्या घरी अजून ठरलेले नाही. तिच्या वडिलांच्या परवानगीनेच हे सांगतो. शिक्षकाची चूक अदब राखून दाखवणारी मुलगी ज्या घरात आहे, त्या घराने तिची गणिताची वही मिटू देऊ नये.

खुदा हाफिज.