दोन कागद, दोन पेट्या



मी विद्वान नव्हे. चौथी शिकलेला साचेवाला. मतदानात जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

१९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीत कागदावर खूण करायची नव्हती. दर उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर चित्र, कागद आत टाकला की झालं. काही मतदारसंघांत दोन जागा असत, एक सर्वांची, एक राखीव. तिथं माणशी दोन कागद. दोन्ही एकाच पेटीत गेले की त्यातला एक बाद. मुंबईत त्या साली अशी हजारो मतं बाद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेला पडले. देशाची घटना ज्यांनी लिहिली, ते इथं पडले!

मग आली १९५७ ची निवडणूक. मध्य मुंबईत समितीच्या बाजूनं दोघे उभे: कॉम्रेड डांगे, आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जी. के. माने. कणीस-विळा आणि हत्ती. डांग्यांसाठी गिरणगावात कुणाला समजवावं लागत नव्हतं. घोडं अडत होतं ते दुसऱ्या कागदावर.

आमच्या खोलीत पाळीपाळीनं निजणारे आम्ही अठराजण. मी डालड्याचे तीन रिकामे डबे मांडले, एकावर कणीस, एकावर हत्ती, एकावर बैलजोडी काढली आणि वहीचे कागद फाडून सर्वांना दोन-दोन दिले. तात्या, आमच्यातले वडीलधारे, एक कागद कणसाच्या डब्यात टाकून म्हणाले, "हा डांग्यांचा. दुसरा मी खिशात घालून घरी आणणार. त्यांच्यातल्याला कशापायी?"

मी म्हटलं, तात्या, धोट्याचं सूत तोंडानं ओढावं लागतं. तोंडाला तोंड लागेल म्हणून आपण त्यांना साच्यावर येऊ दिलं नाही. ते थ्रोसल खात्यात, आपण इथं. मालकाला ही फूट फुकटात मिळाली. आता पेटीशीही तीच द्यायची? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळी सुटली, तिनं कुणाची जात विचारली?

तात्या गप्प. डबा घेऊन आलेल्या खानावळवाल्या बाई दारातूनच बोलल्या, "दोन भाकऱ्या मागून घेता न् एक टाकता व्हय? पानातलं टाकू नये." सगळे हसले. माझ्या भाषणापेक्षा त्या भाकरीनंच जास्त काम केलं.

मतदानाच्या दिवशी पडद्याआड काय झालं ते ज्याचं त्याला ठाऊक. तात्या बाहेर आले, शाईचं बोट वर केलं आणि सदऱ्याचा खिसा उलटा करून मला दाखवला. रिकामा होता.

डांगे निवडून आले, मानेही आले. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. दोन कागदांची पद्धत १९६१ च्या कायद्यानं गेली.

साचेखात्यात त्यांच्या पोरांना घेण्याचा प्रश्न मात्र निकालानंतरच्या पहिल्याच बैठकीत मी मांडला, तेव्हा दोन्ही कागद नीट टाकून आलेले काहीजण खाली मान घालून बसले. तात्यांनी तेवढा हात वर केला.