शिवणाचा तास आणि दोन कार्बोरेटर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलंय, "पाचच मिनिटं, आणि ऑफिसबद्दल नको." म्हणून बाबांच्या मोटरसायकलबद्दल बोलते. ती फाटकाशी आली की वर्गातली मुलं खिडकीकडे धावायची, ती राजदूत ३५०.

यामाहाच्या आरडी ३५० वरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं ती १९८३ पासून काढली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्बोरेटर. मूठ मात्र एकच. मुठीतून आलेल्या केबलला पुढे फाटे फुटतात: दोन फाटे दोन्ही कार्बोरेटरमधल्या स्लाइड उचलतात, तिसरा ऑइल पंपाकडे जातो. एक स्लाइड केसभर आधी उचलली गेली, की एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा फरफटत जातो.

बाबांनी गाडी माझ्या हवाली केली तेव्हा ती अशीच थरथरत होती. मी पडले इंजिनिअर! गाडी स्टँडवर चालू केली आणि दोन्ही सायलेन्सरचा आवाज सारखा येईपर्यंत सगळे स्क्रू पिळले. आवाज सुरेख लागला. पण केबलचा ताण बदलल्यावर पंपाची खूण पुन्हा जुळवावी लागते, ते मी केलंच नाही. पुढच्या रविवारी घाटात उजव्या पिस्टनला तेल कमी पडलं, तो जाम झाला आणि मागचं चाक लॉक झालं. वेळेत क्लच दाबला गेला, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू आयडलिंगचा आवाज ऐकलास. आपण गाडी काय आयडलिंगवर चालवतो?"

इंजिनाचं काम झाल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो. आधी प्लग, पॉइंट, टायमिंग आणि एअर फिल्टर तपासले. त्यांतला दोषही कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. मग इंजिन बंद ठेवून फिल्टरकडचे रबर काढले, आयडलिंगचे स्क्रू मोकळे करून दोन्ही स्लाइड पूर्ण खाली बसवल्या. मी दोन हातांची दोन बोटं दोन्ही तोंडांत घालून स्लाइडना टेकवली. बाबांनी मूठ हळूहळू फिरवली. डावी आधी हलली. डोळ्यांना दिसलं नसतं, बोटाला कळलं. चेकनट सैल करून केबलचा ॲडजस्टर पाव फेरा फिरवला. पुन्हा मूठ, पुन्हा बोटं. चौथ्या खेपेला दोन्ही एकदम उचलल्या. मग आयडलिंग लावलं आणि शेवटी, या वेळी न विसरता, पंपाची खूण जुळवली.

तो पाव फेरा फिरवताना मला आपल्या शिवणाच्या बाई आठवल्या.

आठवीत मुलांना कार्यशाळा होती आणि आम्हा मुलींना शिवण. मी वर्षभर रुसून बसले होते. माझी शिलाई वरून सरळ दिसायची. बाई म्हणायच्या, "वरून बघून सांगू नकोस, कापड उलटं कर." उलट्या बाजूला दोऱ्याची नुसती वेटोळी असायची. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा सारखे ओढले गेले तरच टाका कापडाच्या मध्यावर बसतो. आणि टेन्शनचा स्क्रू? "एका वेळी पाव फेरा. मग शिवून बघ."

बाई, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून सांगते. तो रुसवा पूर्ण गेलेला नाही. मला कार्यशाळाही हवी होती, आणि या मुलांनाही शिवण यायला हवं होतं. पण घाटातून परत आल्यावर मला जे उपयोगी पडलं, ते तुमच्या तासाला शिकलेलं होतं. हे सांगायला तीस वर्षं लागली, त्याबद्दल माफ करा.

गाडी बाहेर उभी आहे. कार्यशाळेत गेलेल्यांनी चहानंतर जरूर यावं. मूठ कोणी फिरवायची ते आपसात ठरवा. बोटं माझी!