धड एक काय ते वाच!

सुपरहिरोंची कॉमिक्स, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि इतिहासाची विनोदी पुस्तकं या तिन्हींचा सारखाच नाद असलेला वाचक आपल्याकडे दुर्मीळ नाही. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, ना. सं. इनामदारांचा ‘राऊ’ आणि पु. ल. देशपांडे यांचा ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ एकाच फळीवर नांदणारी घरं महाराष्ट्रात सापडतात. अशा वाचकाला घरातून एकच ऐकावं लागतं: धड एक काय ते वाच. त्याची आवड विखुरलेली आहे, असा त्या बोलण्यातला आरोप. आजचं व्याख्यान तो आरोप खोडून काढण्यासाठी आहे, आणि साक्षीदार आहे न्यूयॉर्कचा एक चित्रकार-संपादक, हार्वे कर्ट्झमन.

कर्ट्झमनचा जन्म १९२४ चा, ब्रुकलिनचा. तो तेरा वर्षांचा असताना, १९३८ च्या जूनच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी घडवलेल्या या नायकाच्या मागोमाग मुखवटे आणि झगे घातलेल्यांची रांगच लागली. १९४१ च्या मार्चची तारीख असलेल्या आपल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणताना दिसतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. या कॉमिक्समधला ठोसा मोठा सोयीचा असतो: मारणाऱ्याचा हात दुखत नाही आणि मार खाणाऱ्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

कर्ट्झमनने ते विचारलं. कोरियाचं युद्ध पेटलं त्याच वर्षी, १९५० साली, विल्यम गेन्सच्या ईसी कॉमिक्समध्ये त्याने ‘टू-फिस्टेड टेल्स’ हे नियतकालिक सुरू केलं आणि पुढच्या वर्षी त्याला ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ची जोड दिली. चालू युद्धाबरोबरच रोमन सैन्य, अमेरिकेतली यादवी, नेपोलियनच्या लढाया असे इतिहासातले प्रसंग त्यांत येत. कर्ट्झमन वाचनालयात तळ ठोकून बसे, गणवेशाची बटणं आणि बंदुकीचे चाप तपासून घेई. पाणबुडीत आवाज नेमके कसे येतात हे कळावं म्हणून त्याने आपल्या सहायकाला खरोखरच पाणबुडीतून फेरी मारायला धाडलं होतं. चौकटींचा कच्चा आराखडा तो स्वतः काढून देई आणि त्यातली रेघ हलवायची मुभा चित्रकारांना नसे. या जाचाला ते कंटाळतही.

या सगळ्या मेहनतीचं चीज १९५२ च्या आरंभी आलेल्या एका छोट्या कथेत दिसतं. कोरियातल्या इमजिन नदीतून एक प्रेत वाहत चाललं आहे. काठावर जेवायला बसलेला अमेरिकी सैनिक ते पाहतो आणि मनाशी म्हणतो की, आता समोरासमोर झुंजून कोण मरतं? मरण येतं ते लांबून, तोफेच्या गोळ्याने. तेवढ्यात उत्तर कोरियाचा एक सैनिक त्याच्यावर झडप घालतो. दोघं झोंबत झोंबत पाण्यात जातात आणि अमेरिकी सैनिक दुसऱ्याचं डोकं पाण्याखाली दाबून धरतो. कर्ट्झमनने ही कथा स्वतः चितारली. जाड काळ्या रेषा, पाण्यावर येणारे बुडबुडे, पुन्हा दाबणारे हात, मग कमी होत गेलेले बुडबुडे. अमेरिकेचेच सैनिक लढत असताना अमेरिकेतच छापलेल्या, दहा सेंटना मिळणाऱ्या पुस्तिकेत शत्रूच्या मरणाकडे असं पाहिलेलं आहे. भल्या भल्या युद्धकादंबऱ्यांना हे जमलेलं नाही.

इतक्या तपासणीमुळे अंक कमी निघत, म्हणजे पैसेही कमी मिळत. गेन्सने सुचवलं की, संशोधनाची कटकट नसलेलं एखादं विनोदी नियतकालिक काढ. त्यातून १९५२ च्या शरदात ‘मॅड’ जन्माला आलं. पण कटकट काही सुटली नाही. विडंबन करायचं तर मूळ वस्तू बटणासकट ठाऊक असावी लागते. चौथ्या अंकातलं, वॉली वुडने चितारलेलं ‘सुपरड्यूपरमॅन’ पाहा. त्यातला क्लार्क बेंट वर्तमानपत्राच्या कचेरीतला हरकाम्या आहे आणि त्याची गाठ पडते कॅप्टन मार्बल्सशी. वरवर ही दोन पैलवानांची कुस्ती आहे. पण सुपरमॅनच्या मालकांनी कॅप्टन मार्व्हलच्या प्रकाशकांवर १९४१ मध्ये नक्कल केल्याचा दावा लावला होता आणि हा अंक निघाला त्याच १९५३ साली तो प्रकाशक कॅप्टन मार्व्हल बंद करून मोकळा झाला, हे माहीत असलेल्या वाचकाला या आठ पानांत कॉमिक्सच्या धंद्याचा ताजा इतिहास दिसतो. जो नायक शेवटी प्रतिस्पर्ध्याला डिवचून स्वतःच्याच डोक्यात ठोसा मारायला लावतो, त्याची नायिका त्यानंतरही त्याला भाव देत नाही.

थरार, इतिहास आणि थट्टा या तिन्ही ठिकाणी कर्ट्झमनचा प्रश्न एकच होता: हे खरोखर घडलं असतं तर कसं दिसलं असतं? तिन्हींचा नाद असलेल्या वाचकालाही हाच प्रश्न सतावत असतो. या प्रश्नाचा पहिला धागा इंग्लंडला जातो. तिथल्या अ‍ॅलन मूरने लहानपणी हे ‘सुपरड्यूपरमॅन’ वाचलं आणि त्याचं ऋण त्याने पुढे अनेकदा मान्य केलं. १९८६-८७ मध्ये आलेल्या त्याच्या ‘वॉचमेन’मध्ये विडंबनाची जागा शोकांतिकेने घेतली आहे. मुखवटेवाले खरोखर असते तर अमेरिका व्हिएतनाममध्ये जिंकली असती आणि १९८५ सालीही रिचर्ड निक्सनच राष्ट्राध्यक्ष असते, हे तो इतक्या तपशिलाने मांडतो की त्या ग्रंथाला सुपरहिरोंच्या कप्प्यात ठेवावं की ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या, असा प्रश्न पडावा.

दुसरा धागा फ्रान्सला जातो. १९४८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये नोकरीसाठी वणवण करणाऱ्या रने गोसिनीची कर्ट्झमन आणि त्याच्या मित्रांशी गट्टी जमली होती. तो युरोपला परतला आणि १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बेर उदेर्झोच्या साथीने त्याने ‘अ‍ॅस्टेरिक्स’ सुरू केलं. काळ इ. स. पू. ५०. सीझरने सगळा गॉल जिंकला आहे, एक खेडं सोडून. तिथल्या वैदूचा काढा प्यायल्यावर अंगात अचाट बळ येतं. नायकाचा दोस्त ऑबेलिक्स तर लहानपणी त्या काढ्याच्या कढईतच पडला होता. हा सुपरहिरोच, नुसता पोट सुटलेला.

या मालिकेच्या १९६८ च्या अल्बममध्ये गावचा मुखिया अलेसियाचं नाव काढलं की भडकतो: कुठलं अलेसिया? आम्हाला ठाऊक नाही! इ. स. पू. ५२ मध्ये अलेसियाला गॉलांच्या नेत्याने, व्हेर्सिंगेटोरिक्सने, सीझरपुढे शस्त्रं टाकली, म्हणून ही पराभवाची ठसठस. पण विनोदाला आणखी एक पदर आहे. अलेसिया नेमकं कुठे होतं, यावर फ्रेंच विद्वानांत एकोणिसाव्या शतकापासून हमरीतुमरी चालली होती. तिसऱ्या नेपोलियनने १८६० च्या दशकात उत्खनन करवून, १८६५ मध्ये व्हेर्सिंगेटोरिक्सचा प्रचंड पुतळा उभारला, तरी वाद मिटला नव्हता. पोराटोरांना हसवणारी ही ओळ पुराणवस्तुशास्त्रज्ञांनाही हसवते. विनोदी इतिहासाची खरी कसोटी इथे लागते: जितकं अधिक ठाऊक असेल, तितकं हसू वाढलं पाहिजे.

कादंबरीत हेच काम जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझरने केलं. त्याचा फ्लॅशमन भित्रा, लबाड, पण १८४२ च्या काबूलच्या माघारीतून जिवंत सुटलेला. १९६९ साली आलेल्या या कादंबरीला त्याने अशा टीपा जोडल्या की काही अमेरिकी समीक्षकांनी त्या खऱ्याखुऱ्या आठवणी मानल्या. १९७५ च्या भागात हा गडी १८५७ च्या धामधुमीत झाशीला पोचतो. त्यातलं राणी लक्ष्मीबाईंचं प्रेमाच्या अंगाने केलेलं चित्रण मराठी वाचकाला रुचणार नाही, आणि रुचू नयेच. टीपा मात्र वाचाव्यात. कादंबरीकार जिथे थांबतो तिथून पुढे कुठे शोधायचं, हे त्या सांगतात.

तिसरा धागा सर्वांत लांब पोचला. ‘मॅड’ सोडल्यावर कर्ट्झमनने १९६० ते १९६५ ‘हेल्प!’ नावाचं मासिक चालवलं. तिथे सहायक असलेल्या टेरी गिलियमची जॉन क्लीझशी ओळख झाली, आणि पुढे त्या दोघांच्या माँटी पायथन या विनोदी मंडळीच्या १९७५ मधल्या ‘होली ग्रेल’ या चित्रपटाने राजा आर्थरच्या शूरांना घोड्याऐवजी नारळाच्या करवंट्या दिल्या. त्या चित्रपटाचा गिलियमखेरीज दुसरा दिग्दर्शक टेरी जोन्स याने १९८० मध्ये इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातल्या सरदारावर एक गंभीर अभ्यासग्रंथ लिहिला. तो सरदार आदर्श वीर नसून भाडोत्री शिपाई होता, असं त्याचं म्हणणं.

‘हेल्प!’मध्येच गिल्बर्ट शेल्टनचा रानडुकराच्या तोंडाचा सुपरहिरो झळकला. १९६९ मध्ये शेल्टन आणि त्याच्या टेक्ससच्या दोस्तांनी रिप ऑफ प्रेस काढलं. त्या दोस्तांपैकी जॅक जॅक्सनने आधी वात्रट कॉमिक्स काढली, मग कोमांची जमातीचा सरदार क्वाना पार्कर याचं चरित्र चित्रांतून मांडलं आणि अखेर टेक्ससमधल्या स्पॅनिश गुराख्यांवर इतका भक्कम ग्रंथ लिहिला की तो विद्यापीठाने छापला.

याच रिप ऑफ प्रेसने १९७७ मध्ये लॅरी गोनिकच्या विश्वाच्या व्यंगचित्र-इतिहासाचा पहिला अंक काढला. गोनिक हार्वर्डचा गणिती, डॉक्टरेट अर्ध्यावर सोडून आलेला. १९९० मध्ये डबलडे प्रकाशनाने त्याचे सात अंक एकत्र छापले. तिथे त्याची संपादक होती जॅकलिन केनेडी ओनासिस. महास्फोटापासून निघालेली ही मालिका २००९ मध्ये बॅस्टिल ते बगदाद हा टप्पा गाठून पुरी झाली. दुसऱ्या खंडात भारतही आहे. प्रत्येक खंडाच्या शेवटी गोनिक आपण वापरलेल्या पुस्तकांची चित्रमय यादी देतो आणि कोणतं पुस्तक कसं आहे हेही सांगतो. एखादा खंड हाती पडला तर तो मागून उघडावा.