एक फुटाणा
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे निकाल, हजेरी आणि अभ्यास यांवरच बोलणार, असे तुम्ही धरून चालता. आज मी एका फुटाण्याविषयी बोलणार आहे.

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारची गडबड चालली होती. माझा दहा महिन्यांचा मुलगा चटईवर खेळत होता. त्याच्या चार वर्षांच्या बहिणीने मोठ्या प्रेमाने एक फुटाणा त्याच्या तोंडात घातला. क्षणात त्याचा आवाज बंद झाला. रडणे नाही, खोकला नाही, ओठ निळे पडू लागले. मी बी.ए., बी.एड.; पण मी काय केले? घाबरून त्याच्या घशात बोट घातले! फुटाणा अधिकच आत सरकला. शेजारच्या खाला निवृत्त परिचारिका आहेत. त्या धावत आल्या, मूल माझ्या हातून घेतले, पालथे धरले आणि पाठीवर थापा दिल्या. चौथ्या थापेला फुटाणा बाहेर पडला, मूल रडले आणि माझी पत्नी मटकन खाली बसली.

पुढे खालांकडून आणि डॉक्टरांकडून जे शिकलो, तेच तुमच्यापुढे ठेवतो.

मूल जोराने खोकत किंवा रडत असेल, तर त्याला खोकू द्या. मात्र नजर हलवू नका. आवाजच फुटत नसेल, तर एकाला 108 क्रमांकावर फोन करायला सांगा आणि तुम्ही कामाला लागा. एक वर्षाच्या आतील मुलाला हाताच्या आधाराने पालथे धरा, डोके अंगापेक्षा खाली ठेवा आणि जबड्याला आधार द्या. तळहाताच्या मनगटाकडील भागाने दोन्ही खांद्यांच्या मध्ये 5 थापा द्या. वस्तू निघाली नाही, तर मूल उताणे करा. डोके खालीच असू द्या. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताच्या त्याच भागाने 5 वेळा दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वस्तू निघेपर्यंत हेच करावयाचे. मूल निपचित पडले, तर लगेच छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे लागते. त्याची रीत जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

आता काय करू नये ते ऐका. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल, तर तोंडात बोट घालू नका. पाय धरून उलटे टांगू नका. पाणी पाजू नका. तान्ह्या मुलाचे पोट दाबू नका. आत इजा होते. आणि वस्तू निघाली तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण शेंगदाण्याचा तुकडा फुप्फुसात राहिला तर पुढे खोकला आणि घरघर सुरू होते.

पण माता-भगिनींनो, ही वेळच येऊ नये हे आपल्या हाती आहे. दाढा आल्याशिवाय मूल कठीण पदार्थ चावू शकत नाही आणि त्याची श्वासनलिका फार अरुंद असते. शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, चिंचोके, सीताफळाच्या बिया, दस्तरख्वानवरच्या खजुराच्या बिया, नाणी, बटणे, मणी, फुटलेले फुगे त्याच्या हाती लागू देऊ नका. द्राक्ष द्यायचे तर उभे चिरून द्या. मुलाला बसवून भरवा; निजवून नको. नाक दाबून औषध पाजण्याची जुनी खोड तर आजच सोडा.

विद्यार्थी मित्रांनो, धाकट्या भावंडांजवळ दिवसभर तुम्हीच असता. आपल्या हातचा खाऊ त्यांना देण्यापूर्वी आईला विचारा. आज घरी गेल्यावर बाहुली घेऊन पाठीवरच्या थापा देऊन पाहा. जिवंत मुलावर सराव मात्र करू नका.

माझ्या मुलीला आम्ही रागावलो नाही. तिने प्रेमाने दिले होते. सांगायचे राहून गेले होते, ते आमच्याकडून. तुमच्या घरी ते राहू नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द. खुदा हाफिज!