रिकामी दांडी



गेल्या वर्षी पत्र्या मारुतीपासून घरापर्यंत भाजीची पिशवी आणताना मी तीनदा टेकले. नातवाला उचलण्याचा तर धीरच होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी गेल्यावर हाडे विरळ होतात. वजने उचला."

व्यायामशाळेत गेले, तो बायकांची दांडी रिकामीच १५ किलोंची! कर्णम मल्लेश्वरींनी २००० साली सिडनीला दोन प्रकारांत मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. मला दांडीही हलेना. शिक्षिका म्हणाल्या, "आधी खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा." एक दिवसाआड तेच केले. मग दोन किलो, मग चार. सहा महिन्यांनी दांडी उचलली.

परवा नातवाला कडेवर घेऊन वाड्याचा जिना चढले. भगिनींनो, लाज सोडा. घाई मात्र नको. इतके बोलून पुरे करते.