ज्वारीच्या ताटांचे पाणी आणि तणाचे बी
(हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिल्ल आणि पावरा कुटुंबांचा पावसाळा निंदणीत जातो. हे काम बहुधा बायांच्याच वाट्याला येते. तणनाशक घ्यायचे तर उसनवारी करावी लागते. म्हणून झाडपाल्याच्या अर्काची गोष्ट निघाली की सगळे कान देऊन ऐकतात.

या गोष्टीत तथ्य आहे. ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचे द्रव्य जमिनीत उतरते. ताटांत आणि पानांतही तण रोखणारी इतर द्रव्ये असतात. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. वाळलेली ताटे बारीक कापून, एक किलोला 10 लिटर पाणी या मापाने 24 तास भिजवायची आणि गाळून घ्यायची. या फवाऱ्याने तण कमी झाले, पण संपले नाही.

एका बाईने मला विचारले, “दादा, मग आमची निंदणी सुटेल का?” मी म्हणालो, “ताई, सुटणार नाही. थोडी हलकी झाली तरी पुष्कळ.” जोराच्या पावसात अर्क वाहून जातो. कडबा हा गुरांचा चाराही आहे. तो भिजवला तर गुरांना काय घालायचे? म्हणून शेतात उरलेली धसकटेच वापरून पाहावीत.

सगळ्यांत मोठी अडचण वेगळीच आहे. निदणाच्या दृष्टांतातला धनी गहू उपटला जाईल म्हणून नोकरांना थांबवतो. अर्कालाही तण आणि पीक यांतला भेद कळत नाही. त्याने उडीद-मक्याचे बीही अडू शकते.

म्हणून आधी ताटलीत परीक्षा घ्यावी. ओल्या फडक्यावर तणाचे 20 आणि पिकाचे 20 दाणे ठेवावेत. एका ताटलीत साधे पाणी, दुसरीत अर्क. सातव्या दिवशी कोंब मोजावेत. पीक सुखरूप दिसले, तर शेतात फक्त एका पट्ट्यावर फवारावे आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवावा.

आपण मला विचारता, “किती गावांत वाटप झाले?” माझी विनंती आहे, एक हंगाम थांबा. एका एकरावर ज्यांचे वर्ष निघते, त्यांच्या शेतात कच्ची गोष्ट नेऊ नये. तोवर आपल्या देणगीतून कोळपी घेऊ या. त्यांनी बायांची कंबर आजच थोडी वाचेल.